बार्शी लाइटचे माप, शिमल्याचा बर्फ

• दौंड–सोलापूर या ब्रॉडगेज मार्गावरच्या कुर्डूवाडीहून 1897 मध्ये बार्शीकडे नॅरोगेज गाडी सुरू झाली, ती बार्शी लाइट रेल्वे. अभियंता एव्हरार्ड कॅलथ्रॉप.

• रुळांमधले अंतर 762 मिमी. कालका–शिमला (1903, सुमारे 96 किमी) मार्गाचेही तेवढेच. बार्शीची गाडी मात्र माळरानावरची. बर्फाशी तिचा संबंध नाही.

• नेरळ–माथेरान (1907): महाराष्ट्रातली डोंगरी गाडी, माप 610 मिमी, सर्वांत तीव्र चढ 1:20. इथे अडचण पावसाची. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते.

• शिमला सुमारे 2,076 मीटर उंचीवर. कालका–शिमला मार्गावरचा सर्वांत तीव्र चढ 1:33. हिवाळ्यात डिझेल इंजिनापुढे बर्फ बाजूला सारणारा फाळ लावतात.

• बर्फाने रूळ निसरडे होतात आणि चढावर चाके जागीच फिरतात. उपाय जुनाच: इंजिनातल्या पेटीतून चाकांपुढे रुळावर कोरडी वाळू सोडणे. ओली वाळू नळीत अडकते.

• बार्शी लाइट 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली. आज हा मार्ग ब्रॉडगेज आहे.