मागे बघणारा माणूस

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन नावाचं विस्तीर्ण तळं आहे. १९२२च्या उन्हाळ्यात तिथे राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या मुलाने पाइनच्या फळ्यांची टोकं वाफेवर वाकवली, त्या पायांना बांधल्या आणि भाऊ चालवत असलेल्या बोटीमागे दोर धरून तो पाण्यात उतरला. पुन्हा पुन्हा पडल्यावर त्याला उमगलं, की मागे रेलून फळ्यांची टोकं पाण्याच्या वर राखली तर उभं राहता येतं. वॉटर स्कीइंगचा जन्म असा झाला.

आजही नवशिक्याला हेच शिकवतात: गुडघे वाकवा, हात सरळ ठेवा, बोटीला ओढू द्या. तोल गेला की दोर तत्काळ सोडा. दोर हाताला गुंडाळणं तर कधीच नको.

पण या खेळातली खरी जोखीम पडण्यात नाही. पाणी बहुतेक वेळा सांभाळून घेतं. जोखीम आहे ती पडल्यानंतरच्या काही मिनिटांत. दोर साधारण २३ मीटर लांब असतो. बोट ताशी ३० किलोमीटर वेगाने जात असेल, तर एवढं अंतर ती तीन सेकंदांच्या आत कापते. म्हणजे चालकाने मान वळवून मागे पाहिलं, तेवढ्यात बोट न पाहिलेल्या पाण्यात बरीच आत शिरलेली असते. म्हणूनच बोटीत आणखी एक माणूस हवा, ज्याचं काम फक्त मागे बघणं. कॅलिफोर्नियात असा निरीक्षक कायद्यानेच लागतो आणि तो किमान १२ वर्षांचा असावा लागतो. मिनेसोटात त्याऐवजी रुंद आरसा चालतो. मला ही सवलत पटत नाही. आरशात माणूस पडलेला दिसेलही, पण त्यासाठी चालकालाच समोरून नजर काढावी लागते.

इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून बोलणं खुणांनी होतं. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, खाली म्हणजे कमी करा. गळ्यावरून आडवा हात म्हणजे इंजिन बंद. पडल्यावर डोक्यावर हात जोडून धरले की मी ठीक आहे. ही खूण दिसली नाही, तर लगेच वळायचं. शिवाय पाण्यातल्या माणसाने एक स्की उभी धरावी, कारण दुसऱ्या बोटीवरून नुसतं डोकं दिसत नाही.

परत घ्यायला जाताना चालकाने त्याला सतत आपल्या बाजूला, नजरेसमोर ठेवावं आणि जवळ येताच इंजिन पूर्ण बंद करावं. न्यूट्रलवर विसंबू नये. काही बोटींचा पंखा न्यूट्रलमध्येही फिरत राहतो. चालू इंजिन असताना मागच्या पायरीवर कुणी बसू नये हेही तितकंच महत्त्वाचं, कारण तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना रंग, ना वास. माणूस गुंगीत पाण्यात घसरतो.

लाइफ जॅकेट अंगाबरोबर घट्ट हवं. खांद्यांना धरून वर ओढल्यावर ते कानांपर्यंत सरकलं, तर दुसरं मागा.

तारकर्लीत किंवा गोव्यात बनाना राइडला बसतानाही पंखा, दोर आणि जॅकेट यांचे हेच नियम लागू होतात. बोटीत चढण्याआधी विचारा, मागे कोण बघणार आहे? नेमकं कुणाचं नाव सांगता आलं नाही, तर ती फेरी सोडून द्या.