खुडूक कोंबडी : बसवावी की मोडावी?



जानेवारीत खोडव्याच्या पाहणीसाठी आम्ही एका सभासदाच्या वस्तीवर गेलो होतो. चहा होईतो घरच्या वहिनी पुढे आल्या. म्हणाल्या, "सायेब, उसाचं राहू द्या घडीभर. ही कोंबडी तीन दिस झालं खुराड्यातनं उठंना. मालक म्हनत्यात, बाजारात इकून टाक. पन पोरीच्या वह्या हिच्याच अंड्यांवर येत्यात."

आमचे खाते उसाचे. पण प्रश्न खरा होता. उसाचे बिल सोसायटीची वसुली होऊन हाती पडते. अंड्यांचे चार पैसे मात्र दर बाजाराला घरच्या बाईच्या हातात येतात. म्हणून आज थोडे कोंबडीविषयी.

खुडूक म्हणजे आजार नव्हे

अंग फुगवून बसणे, हात नेला की टोचणे, दिवसातून एखादेवेळी उठून घाईने दाणे टिपणे, छातीची पिसे झडणे ही खुडूक कोंबडीची लक्षणे. तिच्या अंगात उबवणीचे संप्रेरक वाढते आणि अंडी देणे थांबते. देशी कोंबडीत हा गुण उपजतच असतो. पांढऱ्या लेगहॉर्नमध्ये निवड करकरून तो जवळजवळ घालवला आहे. म्हणून त्यांची अंडी मशीनमध्ये उबवावी लागतात. अंडी रोज न उचलता खुराड्यात साठू दिली, जागा अंधारी नि उबदार असली, की कोंबडी लवकर खुडूक होते.

नुकसान होते ते निर्णय लांबवल्याने. ना खाली अंडी, ना मोडण्याचा उपाय, अशी कोंबडी तीन-तीन आठवडे रिकामी बसते, वाळते, अंडीही जातात नि पिल्लेही. तेव्हा पहिल्या दोन दिवसांतच ठरवावे.

बसवायची असेल तर

कळपात कोंबडा असला तरच अंडी फळतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. बाजारातली पोल्ट्रीची पांढरी अंडी खाली ठेवून उपयोग नाही. अंडी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, न धुतलेली, न तडकलेली घ्यावीत. देशी कोंबडीखाली दहा-बारा पुरतात. जास्त ठेवली तर कडेची थंड पडतात.

पाटीत तळाला माती, वर भाताचा पेंढा घालावा. उसाचे पाचट नको, त्याची कड धारदार. ते फडातच कुजू द्या! बसवण्याआधी पिसांत ऊ-गोचीड आहे का पाहून घ्यावे. अंडी संध्याकाळी, अंधार पडताना खाली सारावीत. पाणी-दाणा जवळच ठेवावा.

सातव्या रात्री अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे. स्वच्छ दिसले तर ते काढून घ्यावे. एकविसाव्या दिवशी पिल्ले फुटतात. त्या वेळी कवच सोलून 'मदत' करू नये. ऐन उन्हाळ्यात मात्र शक्यतो बसवू नये. साठवणीतच अंडी खराब होतात.

पिल्लांना पहिल्या आठवड्यात राणीखेतची लस पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून द्यावी. एवढ्या कष्टाने वाढवलेला घोळका मानमोडीत एका रात्रीत जाऊ शकतो.

मोडायची असेल तर

इथे आमचीच चूक सांगतो. पदविका घेऊन नवे नवे घरी आलो तेव्हा शहाणपण दाखवायला आईची खुडूक कोंबडी भर थंडीत सकाळी पाण्याच्या पिंपात बुडवून काढली. संध्याकाळपर्यंत ती गेली. आई काही बोलली नाही. पण त्या आठवड्याला तिच्या बाजारच्या पिशवीत मीठ-मिरची कमीच आली. बुडवणे, उपाशी कोंडणे, नाकात पीस घालणे हे सारे सोडून द्या.

उपाय साधा आहे. जाळीचा किंवा फटी असलेला खोका दोन विटांवर उचलून उजेडात, सावलीला ठेवा. तळाला पेंढा नको. पोटाखालून वारा खेळला की ऊब मोडते. दाणा-पाणी भरपूर द्या. तीन-चार दिवसांनी सोडून बघा. पुन्हा घरट्याकडे धावली तर आणखी दोन दिवस ठेवा. लवकर मोडली तर साधारण दोन आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. बाकीच्यांची अंडी मात्र रोज उचला.

त्या वस्तीवर तीन कोंबड्या होत्या. दोघी अंडी देत होत्या, कोंबडाही होता. आम्ही वहिनींना म्हटले, "दोघींवर वह्या निघतील, हिला बसवा." मालकांनी मान हलवली, पण मनातून नव्हे.

परवा पुन्हा गेलो. बारापैकी तीन अंडी सातव्या रात्री काढली, आठ फुटली, एक पिल्लू कावळ्याने नेले. सात अंगणात फिरत होती. दिवस कलला तसे मालकच उठले, एकेक पिल्लू मोजून डालग्याखाली घातले, वर दगड ठेवला. वहिनी आमच्याकडे बघून हसल्या.

खोडव्याचा खताचा हप्ता मात्र अजून राहिलाय, तो आम्ही त्यांच्या कानावर घातला. तुमचाही राहिला असेल तर उरकून घ्या.

आपला,
ऊस विकास अधिकारी