विश्लेषण : झोप कमी झाली की ताण का वाढतो? संध्याकाळचे कॉर्टिसॉल काय सांगते?

ताण असला की झोप लागत नाही, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. पण याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. झोप कमी झाली की शरीरातील ताणाची यंत्रणा दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत चढी राहते. शिकागो विद्यापीठातील संशोधक ईव्ह व्हॅन कॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही बाजू प्रयोगांतून मोजून दाखवली.

कॉर्टिसॉलचे वेळापत्रक काय असते?

मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये सुमारे २० हजार चेतापेशींचा पुंजका असतो. हेच शरीराचे मुख्य घड्याळ. डोळ्यांवर पडणाऱ्या प्रकाशावरून ते रोज बाहेरच्या दिवस-रात्रीशी जुळवून घेते. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरक याच घड्याळानुसार कमी-जास्त होते. ते पहाटे वाढू लागते, जाग येण्याच्या सुमारास सर्वाधिक असते, दिवसभर उतरत जाते आणि रात्री झोपेच्या सुरुवातीला सर्वात कमी असते. कॉर्टिसॉल शत्रू नाही. उठून कामाला लागण्यासाठी ते लागतेच. प्रश्न आहे तो चुकीच्या वेळी वाढण्याचा.

प्रयोगांत काय आढळले?

१९९७ च्या अभ्यासात निरोगी तरुणांना एक रात्र अर्धवट किंवा पूर्ण जागे ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ ते ११ या वेळेत अर्धवट झोप झालेल्यांचे कॉर्टिसॉल आदल्या दिवसापेक्षा ३७ टक्क्यांनी, तर रात्रभर जागलेल्यांचे ४५ टक्क्यांनी जास्त आढळले. म्हणजे उतरायच्या वेळी ते पुरेसे उतरलेच नाही.

‘लॅन्सेट’मध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ तरुणांना सलग ६ रात्री फक्त ४ तास अंथरुणावर राहू दिले. नंतर रोज १२ तास झोपण्याची मुभा देऊन पुन्हा मोजमाप केले. झोप कमी असताना संध्याकाळचे कॉर्टिसॉल जास्त होते आणि रक्तातील साखर हाताळण्याची क्षमता घटली होती. हे बदल वाढत्या वयात दिसणाऱ्या बदलांसारखे होते, असे संशोधकांनी नोंदवले.

धोका नेमका कुठे आहे?

दिवस मावळताना शरीराने शांत व्हायचे असते. त्या वेळी कॉर्टिसॉल चढे राहिले की शरीर सावध राहते. त्यामुळे झोप लांबू शकते आणि दुसऱ्या दिवशी इन्सुलिनच्या कामातही अडथळा येऊ शकतो. ‘आज जागून काम संपवू, उद्या ताण कमी होईल’ हा हिशेब इथेच चुकतो.

रविवारी झोपून भरपाई होते का?

काही प्रमाणात होते. १९९९ च्या प्रयोगात भरपूर झोपेनंतर मोजमापे सुधारली. मात्र रविवारी दुपारपर्यंत झोपले की सकाळचा प्रकाश चुकतो, घड्याळ मागे सरकते आणि रविवारी रात्री झोप लवकर येत नाही. सोमवारी गजर मात्र जुन्याच वेळेला वाजतो. आठवड्यातील आणि सुट्टीच्या झोपेच्या वेळांमधील या तफावतीला संशोधक ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात.

या संशोधनाच्या मर्यादा काय?

हे प्रयोग मोजक्या तरुण पुरुषांवर, प्रयोगशाळेत आणि थोड्या दिवसांसाठी झाले. रोज साडेपाच-सहा तास झोपणाऱ्या प्रत्येकाला तेच आकडे लागू होतात असे नाही. शिकागोतीलच एस्रा टासाली यांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र लोक आपापल्या घरीच होते. साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० जणांपैकी निम्म्यांना झोपेबाबत समुपदेशन दिले. त्यांची झोप सरासरी १.२ तासांनी वाढली आणि इतरांच्या तुलनेत त्यांचा आहार दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटला. आहाराबाबत त्यांना कोणताही सल्ला दिलेला नव्हता.

काय करता येईल?

उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही फार बदलू नये. सकाळी थोडा वेळ उजेडात जावे, रात्री दिवे आणि मोबाइलचा प्रकाश मंद ठेवावा. रात्रपाळी करणाऱ्यांना हे सगळे शक्य नसते. त्यांनी निदान दिवसाची झोप अंधाऱ्या खोलीत आणि ठरलेल्या वेळी घ्यावी. अनेक आठवडे झोप लागत नसेल, तर स्वतःच्या मनाने गोळ्या न घेता डॉक्टरांना भेटावे.