मळ्यातील कोंबड्या, दारचा कुत्रा आणि लसीचा शेजारधर्म

गावाबाहेर मळ्यात राहणाऱ्या कुटुंबाचा प्रपंच माणसांपुरता मर्यादित नसतो. गोठ्यात गाय किंवा दोन शेळ्या, अंगणात दहा-पंधरा कोंबड्या, दारात राखणीचा कुत्रा आणि धान्याच्या पोत्यांभोवती घुटमळणारे मांजर असा हा परिवार असतो. गाई-म्हशींच्या दुधाचा हिशेब घरातील कर्ता ठेवतो. कोंबड्यांचा हिशेब मात्र बहुधा घरातील स्त्रीकडे असतो. अंडी विकून आलेल्या पैशांतून मुलांच्या वह्या, किरकोळ औषधपाणी, मीठ-मिरची भागते. ही रक्कम लहान दिसत असली, तरी ती कोणापुढे हात न पसरता मिळालेली असते. म्हणूनच चार-सहा दिवसांत सगळे खुराडे रिकामे होते, तेव्हा होणारे नुकसान केवळ कोंबड्यांच्या बाजारभावात मोजता येत नाही.

परसातील कोंबडीपालनाचा पसाराही लहान नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३२ कोटी परसात पाळलेले होते. आधीच्या गणनेच्या तुलनेत परसातील पक्ष्यांची संख्या ४५ टक्क्यांहून अधिक वाढली. मोठ्या पोल्ट्री शेडमध्ये लसीकरणाचे वेळापत्रक काटेकोरपणे पाळले जाते. परसातील कोंबडी मात्र अनेक ठिकाणी लसीवाचूनच वाढते.

मानमोडी का पसरते?

कोंबड्यांची मर ग्रामीण भागात ‘मानमोडी’ या नावाने ओळखली जाते. पशुवैद्यकाच्या भाषेत हा राणीखेत रोग होय. उत्तराखंडातील राणीखेत येथे १९२० च्या दशकात त्याची नोंद झाली आणि आपल्याकडे तेच नाव रूढ झाले. रोग विषाणूजन्य आहे. कोंबडी मलूल होते, चोच उघडी ठेवून श्वास घेते, हिरवट-पांढरे पातळ शेण टाकते, पंख व पाय लुळे पडतात आणि मान वाकडी होते. लस न टोचलेल्या कळपात, विशेषतः पिल्लांमध्ये, बहुतेक पक्षी दगावतात. रोग जडल्यावर त्यावर औषध नाही. विषाणूवर प्रतिजैविकांचा उपयोग होत नसल्याने दुकानातून आणलेल्या पुड्यांवर केवळ पैसे खर्च होतात.

रोगाचा प्रवास बहुतेक वेळा माणसाच्या हातूनच होतो. एका घरी दोन कोंबड्या मेल्या, की उरलेल्या मरण्यापूर्वी विकून टाकण्याची घाई होते. त्याच कोंबड्या आठवडे बाजारातून दुसऱ्या वस्तीवर पोहोचतात. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात फेकली जाते. ती कुत्री ओढून नेतात, कावळे टोचतात. विष्ठेने माखलेल्या चपला, डालगी, पिंजरे यांतूनही विषाणू पसरतो. त्यामुळे एका मळ्यातील मर त्याच मळ्यापुरती राहत नाही.

बाटली एक, घरे दहा

या रोगावर परिणामकारक आणि स्वस्त लस उपलब्ध आहे. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा किंवा एफ-१ लसीचा थेंब डोळ्यात वा नाकपुडीत सोडतात. साधारण आठव्या आठवड्यात आर-२-बी ही लस पंखाजवळ कातडीखाली टोचतात. पुढील मात्रा पशुवैद्यकाच्या सल्ल्याने ठराविक काळाने द्याव्या लागतात. त्याच सुमारास देवी रोगाचीही लस देता येते. मात्र दोन्ही लसींमध्ये किती दिवसांचे अंतर ठेवायचे, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

मग लस दिली का जात नाही? याचे उत्तर अनास्थेपेक्षा बाटलीच्या आकारात अधिक आहे. लस शंभर, दोनशे, पाचशे मात्रांच्या बाटलीत मिळते. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानातच ठेवावी लागते आणि द्रावणात मिसळल्यानंतर सुमारे दोन तासांत संपवावी लागते. उरलेली लस दुसऱ्या दिवशी चालत नाही. ज्या घरी बारा कोंबड्या आहेत, त्या घराने शंभर मात्रांची बाटली आणून करायचे काय? शिवाय ती तालुक्याहून बर्फात आणायची. हा हिशेब न जमल्याने ‘पुढच्या वेळी पाहू’ असे होते आणि त्याआधीच मर येते.

एकट्या घराला न जमणारी ही गोष्ट वस्तीला सहज जमते. आठ-दहा घरांच्या कोंबड्या एकत्र मोजल्या, तर शंभराचा आकडा होतो. वस्तीने एक दिवस ठरवावा, जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी संख्या कळवावी आणि लस बर्फ भरलेल्या थर्मासमधून आणावी. परसातील कोंबड्या दिवसा हाती लागत नाहीत. म्हणून आदल्या रात्री खुराडे बंद ठेवून भल्या पहाटे लसीकरण उरकावे. दर वेळी नव्या पिल्लांसाठी हाच क्रम चालवावा लागतो. हे काम गावातील बचत गटाने अंगावर घेतल्यास प्रत्येक घराच्या वाट्याला येणारा खर्च एका कोंबडीच्या किमतीच्या तुलनेत नगण्य ठरतो. यात स्वार्थही आहे आणि शेजारधर्मही. कारण शेजारची लस न दिलेली कोंबडी आपल्या अंगणात येतच असते.

बर्ड फ्लूचा धडा

अकस्मात मर झाली, तर ती मानमोडीचीच असेल असे गृहीत धरता येत नाही. बर्ड फ्लूची लक्षणेही बरीचशी तशीच असतात आणि फरक प्रयोगशाळेतच कळतो. देशात या रोगाची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाली. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे आणि पाठोपाठ पुन्हा नवापूरला तो आढळला. जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे परसातील कोंबड्यांना त्याची लागण झाली.

हा रोग पक्ष्यांपुरता राहिलेला नाही. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात दगावलेले तीन वाघ आणि एक बिबट्या यांच्या नमुन्यांत बर्ड फ्लूचा विषाणू सापडला. त्यानंतर मध्य प्रदेशातील छिंदवाडा येथे घरगुती मांजरांमध्येही तो आढळला. मेलेली कोंबडी मांजरापुढे टाकण्याची सवय किती धोक्याची आहे, हे यावरून लक्षात यावे. मेलेले पक्षी हातमोजे किंवा प्लॅस्टिकची पिशवी हातात घालून उचलावेत, पाणवठ्यापासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावेत आणि हात साबणाने धुवावेत. बदके व कोंबड्या एकाच पाण्यावर ठेवू नयेत. बदकांत विषाणू अनेकदा लक्षणे न दिसता वावरतो.

मर झाल्याची वर्दी तातडीने देणे पालकाच्याही हिताचे आहे. बर्ड फ्लू निश्चित झाल्यावर शासन जे पक्षी नष्ट करते, त्यांची भरपाई मिळते. आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. महाराष्ट्रात पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे.

राखणदाराचीही राखण

कुत्रा हा मळ्याचा राखणदार असला, तरी त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. पिल्लू तीन महिन्यांचे झाले, की त्याला रेबीजची लस द्यावी आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याप्रमाणे दरवर्षी ती चालू ठेवावी. माणसात रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. घरचे कुत्रे वा मांजर चावले किंवा ओरखडले, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना यांपैकी काहीही लावू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेळी किंवा मेंढी कापल्यावर तिची कच्ची आतडी-काळीज कुत्र्यापुढे टाकू नये. त्यातून कुत्र्याच्या पोटात एक बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेवाटे बाहेर पडून माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात वा फुप्फुसात पाण्याने भरलेल्या गाठी होतात. कुत्र्याला नियमित जंतनाशक देणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाईड आणि बीजप्रक्रिया केलेले रंगीत बियाणे हे मळ्यातले आणखी दोन धोके. सांडलेले बियाणे कोंबड्या टिपतात आणि विष खाऊन मेलेला उंदीर मांजर किंवा कुत्रा खातो. पेरणीच्या दिवसांत कोंबड्या कोंडून ठेवाव्यात, विषाचे आमिष बिळातच ठेवावे आणि मेलेले उंदीर पुरून टाकावेत. बुरशी आलेला मका वा शेंगदाण्याची पेंड ‘कोंबड्यांना चालेल’ म्हणून घालण्याचीही प्रथा आहे. ती बंद व्हावी, कारण त्या बुरशीचे विष कोंबडीचे यकृत निकामी करते.

रात्रीचा बंदोबस्त

दिवसा घार आणि मुंगूस, रात्री रानमांजर आणि साप हे कोंबडीचे शत्रू. जुन्नर, आंबेगाव, शिरूर, तसेच नाशिक आणि अहिल्यानगर या भागांतील उसाच्या पट्ट्यात त्यात बिबट्याची भर पडते. बिबट्या माणसाच्या वस्तीकडे येतो तो बहुधा कुत्री, शेळ्या आणि कोंबड्या यांच्या ओढीने. उघड्यावर साखळीने बांधलेला कुत्रा त्याच्या दृष्टीने राखणदार नसून सहज मिळणारे भक्ष्य असतो. कुत्रा, शेळ्या आणि कोंबड्या यांना रात्री दार असलेल्या, वरून झाकलेल्या निवाऱ्यात ठेवावे. खुराडे जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच असावे, जाळी बारीक व मजबूत असावी आणि देशी कोंबडीसाठी प्रत्येकी एक ते दीड चौरस फूट जागा मिळावी. मुंगूस, रानमांजर, धामण यांना मारणे आणि पोपटाची पिल्ले आणून पिंजऱ्यात पाळणे या दोन्ही गोष्टींना वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी जातीचा विचार करावा. देशी कोंबडी वर्षाला साधारण ६० ते ८० अंडी देते. पण ती खुडूक बसते, २१ दिवसांत पिल्ले काढते आणि त्यांना सांभाळते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जाती अधिक उत्पन्न देतात, परंतु त्या सहसा खुडूक बसत नाहीत; पिल्ले दर वेळी विकत आणावी लागतात. बाहेरून आणलेला कोणताही पक्षी दोन ते तीन आठवडे वेगळा ठेवूनच कळपात सोडावा.

यांतील एकाही गोष्टीला मोठे भांडवल लागत नाही. बर्फाचा थर्मास, चुन्याची पिशवी, खुराड्याचे दार आणि ठरलेल्या पहाटे शेजाऱ्यांना मारलेली हाक एवढ्यावर बरेच काही भागते. पुढच्या वेळी ऋतू पालटण्यापूर्वी प्रत्येक वस्तीने आपल्या कोंबड्या एकदा एकत्र मोजून पाहाव्यात.