कंस राहिले आणि अख्खी मेस थकबाकीदार झाली

आजचा भाग छोटा आहे. यातली चूक मी स्वतः केलीय आणि तिच्यापायी मेसच्या काकूंकडून चारचौघांत बोलणी खाल्लीयेत.

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. नुकतंच पायथनमध्ये क्लास आणि ऑब्जेक्ट शिकलो होतो, त्यामुळे दिसेल तिथे क्लास लिहायची खाज. काकूंच्या वहीतला हिशोब मी लॅपटॉपवर आणला. 'सभासद' नावाचा क्लास, प्रत्येक मेंबर म्हणजे त्याचं एक ऑब्जेक्ट, आणि 'बाकी_आहे' ही मेथड. पैसे थकले असतील तर ती ट्रू देणार. (पायथन 3 मध्ये अशी देवनागरी नावं खरंच चालतात, करून बघा.) 42 मेंबरांपैकी पाच-सहा जणांचेच पैसे थकले होते. प्रोग्रॅमने यादी काढली, काकूंनी ती दारावर चिकटवली. यादीत 42 नावं! तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरणारे एक काकासुद्धा त्यात.

एरर काहीच आली नव्हती. तेच तर दुखणं.

माझी ओळ होती, इफ मेंबर.बाकी_आहे. शेवटचे कंस गायब. आता बघा, मेथडचं नाव घेणं वेगळं आणि ती चालवणं वेगळं. मिक्सरकडे बोट दाखवलं म्हणून चटणी वाटली जात नाही. तसं नुसतं नाव लिहिलं की पायथन ती मेथडच उचलून हातात देतो, आतली एकही ओळ चालवत नाही. आणि 'इफ'च्या लेखी फॉल्स, नन, शून्य, रिकामी लिस्ट असल्या मोजक्या गोष्टी सोडल्या तर जवळपास सगळंच खरं. मेथडही खरी. म्हणून सगळेच थकबाकीदार. शंका आली की तीच गोष्ट प्रिंट करा. 'बाउंड मेथड' असे शब्द दिसले की समजायचं, कंस राहिलेत.

मी कंस टाकले. लगेच टाइपएरर: 'टेक्स झिरो पोझिशनल आर्ग्युमेंट्स बट वन वॉज गिव्हन'. अरे, कंसात मी काहीच दिलं नाही, मग हे एक आलं कुठून? ते एक म्हणजे डॉटच्या डावीकडचा मेंबर. पायथन ते ऑब्जेक्ट गुपचूप पहिलं आर्ग्युमेंट म्हणून पाठवतो, नाहीतर कोणाची बाकी बघायची हे मेथडला कळणार कसं? ते घ्यायला डेफच्या कंसात 'सेल्फ' लागतो, आणि मी तो लिहिलाच नव्हता. मेथड कधी चाललीच नाही, म्हणून ही दुसरी चूक झाकलेली राहिली. सेल्फ हा राखीव शब्द नाही बरं का, नुसता रिवाज. 'मी' लिहिलंत तरी चालेल, टीममधले शिव्या देतील एवढंच.

उलटंही होतं. थेट क्लासवरून सभासद.बाकी_आहे() केलं तर डावीकडे ऑब्जेक्टच नाही, मग 'मिसिंग वन रिक्वायर्ड पोझिशनल आर्ग्युमेंट: सेल्फ'. आधी ऑब्जेक्ट बनवा. आणि मेथडवर प्रॉपर्टी डेकोरेटर असेल तर मात्र कंस नकोत. टाकलेत तर 'बूल ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल'.

दुसऱ्या दिवशी नवी यादी काढली. सहा नावं. काकूंनी आधी ती वहीशी ताडून पाहिली, मग मला त्या काकांकडे सॉरी म्हणायला पाठवलं. सहावं नाव माझंच होतं.