पांढरीच्या मागावर

परतूर तालुक्यात प्रागैतिहासिक वस्ती शोधायला निघालेल्यांच्या पिशवीत नकाशा असतो, जीपीएस असतो; पण सकाळी पहिल्यांदा उपयोगी पडतो तो एक जुना शब्द. पारावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारायचं, "काका, तुमच्या शिवारात पांढरी कुठं हाय?" पिकते ती काळी, माणसं राहतात ती पांढरी, ही वाटणी शेतकऱ्याने कधीच करून ठेवली आहे. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती ढासळल्या, चुलींची राख साचली की जमीन फिकट होते आणि काळ्या रानात टेकाड वर येतं. काका हात करतात त्या दिशेला निघायचं.

हंगाम मात्र साधावा लागतो. सोयाबीन उभं असेल तर माती दिसतच नाही. पऱ्हाट्या निघाल्या, रान नांगरलं, की ओळीने, थोडं अंतर राखून, मान खाली घालून चालायचं. खणायचं नाही, नांगराने वर आणलेलं तेवढं बघायचं. खापरं रगड मिळतात, पण बहुतेक अलीकडच्या मडक्यांची. डोळे शोधत असतात जोर्वे पद्धतीचं खापर: तांबूस, पातळ, वर काळ्या रेघांची नक्षी, टिचकी मारली तर खणखणणारं. संगमनेरजवळच्या जोर्व्याला १९५०-५१मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हापासून या भांड्यांना त्या गावाचं नाव चिकटलं. काळ साधारण इ.स.पू. १४०० ते १०००. तांबं हाताशी आलेलं, तरी रोजची पाती दगडाचीच. म्हणून या काळाला ताम्रपाषाण म्हणतात. तशी वस्ती पैठण तालुक्यात गोदावरीकाठी आपेगावला निघाली आहे. परतूरमधून वाहणारी दुधना पूर्णेला मिळते, पूर्णा गोदावरीला. तेव्हा हा काठ चालून बघण्याला अर्थ आहे.

ऊन चढलं की नदीची दरड. इथे शोध आणखी मागे जातो, गोट्यांच्या थरांत. पैठणजवळ मुंगीला भूवैज्ञानिक वाइन यांना १८६०च्या दशकातच गोदावरीच्या अशा थरात अकीकाचं छिलकं सापडलं होतं. गारगोट्या तर इथे पायलीला पन्नास, आणि पाण्याच्या माऱ्यानेही दगड फुटतो. माणसाने फोडलेल्या छिलक्यावर ठोक्याच्या जागेखाली बारीकसा फुगवटा असतो. दहा उचलायचे, नऊ टाकायचे. नवख्याला प्रत्येक गारगोटी हत्यार वाटते. दुपारपर्यंत हा ताप उतरतो.

"धन घावलं का?" हा प्रश्न बांधावरून येतोच. हसण्यावारी नेऊ नये. दायमाबादच्या पांढरीवर १९७४मध्ये छबू लक्ष्मण भिल्ल यांना खोदताना हत्ती, गेंडा, रेडा आणि रथ अशी चार ब्राँझची शिल्पं मिळाली, सगळी मिळून साठ किलोंहून जड. पण ती पांढरी टिकून होती. माळवदावर घालायला पांढरी माती नेणं ही इथली जुनी रीत. टोपलीने नेली तेव्हा टेकाडाला फारसं कळलं नाही. ट्रॉलीने नेतात तेव्हा खालच्या थरातलं खापर कुणाच्या तरी छपरावर जाऊन बसतं. पाहणी करणाऱ्याने आधी अशी छपरंच बघावीत, असं मला वाटतं.

संध्याकाळी खापरं बादलीत धुऊन पोत्यावर पसरतात. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी: गाव, गट क्रमांक, तारीख. ज्या गावी काहीच मिळालं नाही, त्याचंही नाव वहीत चढतं आणि पुढे लिहितात, "पाहिले, नाही." नकाशावर ते गाव कोरं राहिलं तर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी पुन्हा तेच रान तुडवेल.