मंजुश्रीच्या पत्रांपासून आजपर्यंत

सासरी मुलीचा संशयास्पद मृत्यू होतो. खटला उभा राहतो, आणि पहिलाच वाद होतो तो तिनं आधी माहेरी सांगितलेल्या छळावर. ते शब्द न्यायालयानं ऐकायचे का? ऐकीव गोष्ट पुरावा ठरत नाही, आणि सांगणारी तर उलटतपासणीला येणार नाही.

वाट होती ती १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम ३२(१)ची. मृत्यूचं कारण किंवा त्याला कारणीभूत ठरलेल्या घटनाक्रमातली परिस्थिती याविषयी मृतानं केलेलं कथन ग्राह्य धरता येतं. बोलताना मरणाची चाहूल असलीच पाहिजे, ही इंग्लंडमधली जुनी अट आपल्याकडे नाही.

या कलमाची खरी कसोटी पुण्यात लागली. मंजुश्री सारडा हिचं लग्न फेब्रुवारी १९८२मध्ये झालं आणि जूनमध्ये ती गेली. पोटॅशियम सायनाइडनं. मधल्या काळात बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली तिची पत्रं खटल्यात आली. सत्र न्यायालयानं पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं ती कायम केली. १७ जुलै १९८४ला सर्वोच्च न्यायालयानं मात्र त्याला निर्दोष सोडलं. न्या. फजल अली यांनी पत्रं ग्राह्य मानली, पण त्यांतून तिची मनःस्थितीही दिसत होती आणि आत्महत्येची शक्यता पुसली जात नव्हती. परिस्थितिजन्य पुरावा तोलण्याच्या पाच कसोट्यांचं ‘पंचशील’ याच निकालातलं. संशयाचा फायदा आरोपीला मिळणं योग्यच, असं माझं मत आहे. पुरावा ग्राह्य असणं आणि तो पुरेसा असणं, यांत गल्लत करून चालणार नाही.

त्याच सुमारास पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा नारी समता मंच उभा राहत होता. देशभरच्या अशा चळवळींच्या रेट्यानं १९८३मध्ये विवाहितेच्या छळाचं कलम ४९८अ आलं, १९८६मध्ये हुंडाबळीचं ३०४ब.

तरीही एक फट राहिली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ आणि २००२च्या निकालांनी ठरवलं की, मृत्यूशी निगडित आरोप टिकला नाही, तर तिचं कथन एकट्या छळाच्या आरोपासाठी वापरता येणार नाही. म्हणजे मारलं हे सिद्ध झालं नाही, की छळाबद्दल तिनं सांगितलेलंही बाद. ही चूक सुधारायला वीस वर्षं लागली. मे २०२२मध्ये सुरेंद्रन विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात त्याच न्यायालयाच्या त्रिसदस्यीय पीठानं ते निकाल रद्दबातल ठरवले. खटल्यात मृत्यूचं कारण हा प्रश्न असेल आणि कथन त्या घटनाक्रमाशी जोडलेलं असेल, तर ते छळासाठीही वाचता येतं. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही तरतूद कलम २६मध्ये आहे.

आता पत्रांच्या जागी व्हॉट्सअॅप आलं. त्या संदेशांची प्रत सादर करायला याच अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं. अशा पुराव्याला प्रमाणपत्राची सक्ती २०२०मध्ये पक्की झाली, तीही जालन्याच्या अर्जुन खोतकर यांच्या निवडणूक खटल्यात.

सोलापुरात नवी पेठेत लग्नाचा बस्ता बांधायला येणाऱ्या आईबापांना माझी विनंती आहे. लेकीचा एकही मेसेज पुसू नका, तो फोन जपून ठेवा. आणि तिनं छळाचं सांगितलं, तर “थोडं सोस” म्हणून परत पाठवू नका. ती हयात असतानाच कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांत तिच्या शब्दांत तक्रार नोंदवा.